झोप लागली ती वेळ

"अचूक लिहायचं बरं का, काका. मनाचं काही घालायचं नाही. झोप कधी लागली, किती वेळा मोडली, किती वाजता उठलात. चौदा दिवस, न चुकता."

डॉक्टरीणबाईंचा हा मऊ आवाज सरकारी दवाखान्याच्या जिन्यापासून घरच्या जिन्यापर्यंत तराजूकाकांच्या कानांत तसाच राहिला. बाईंना बिचाऱ्यांना काय कल्पना, आपण कोणाला काय सांगून बसलो ते! हेच वाक्य त्यांनी त्या सकाळी आणखी एकोणीस म्हाताऱ्यांना सांगितलं असेल. त्या एकोणीस जणांनी छापील कागद घडी घालून खिशात टाकला असेल आणि चौदाव्या दिवशी, दवाखान्याच्या बाकावर शेजाऱ्याचं पेन मागून, सगळे रकाने एका दमात भरले असतील. विसावे तराजूकाका होते.

तराजूकाका म्हणजे वजनमापे खात्यातले सेवानिवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे काटे तपासले. "साहेब, अंदाजे बरोबर आहे," असं एखादा दुकानदार म्हणाला, की त्याने काहीतरी अभद्र उच्चारल्यासारखा काकांचा चेहरा व्हायचा. कोणी उपासाचा नेम धरतं, कोणी मौनाचा. काकांनी आयुष्यभर अचूकपणाचा नेम धरला होता, आणि निवृत्तीनंतरही तो मोडला नव्हता. त्यांच्या दारात आलं की दूधवाला आजही आधी टोपी सरळ करी आणि मग मापाला हात लावी.

दीड वर्षापूर्वी काकू गेल्या. त्यांच्याबरोबर काकांची झोपही गेली. काकू गेल्या तेव्हा चार माणसं भेटायला आली, बसली, डोळे पुसून गेली. झोप गेल्यावर कोण भेटायला येणार? काका कोणाजवळ बोलले नाहीत. मग ते जेवता जेवता ताटावर हात ठेवून पेंगायला लागले, सदऱ्याची गुंडी एक घर सोडून लावायला लागले, आणि गेल्या महिन्यात जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्यांचा तोल गेला. "पडलो नाही, बसलो," असं काकांचं म्हणणं. बसताना कोणाचं कोपर फुटत नाही, असं मुलाचं म्हणणं. त्याच संध्याकाळी मुलाने, आवाज शक्य तितका गोड ठेवून, काकांच्या जुडग्यातून दाराची किल्ली काढून घेतली.

"थोडे दिवस, बाबा. एकट्याने बाहेर नको. झोप ताळ्यावर आली की परत देतो."

चाळीस वर्षं ती किल्ली काकांच्या डाव्या खिशात होती. आता दिवसातून दहा वेळा त्यांचा हात तिथे जाई आणि रिकामा परत येई. दवाखान्यात त्यांनी स्वतःहून एकच प्रश्न विचारला होता, "किल्ली कधी?" त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "चौदा दिवसांची नोंद आणा, मग ठरवू." तेव्हा त्या कागदावर नुसती झोप नव्हती. दार होतं, रस्ता होता, आणि घरातला मोठा माणूस म्हणून उरलेली पत होती.

पहिला रकाना सोपा होता. पाठ टेकली: दहा वाजता. दुसरा रकाना होता, 'झोप लागली ती वेळ'. काकांनी पेन उघडलं आणि गाडी तिथेच अडली. झोपलेला माणूस वेळ कशी पाहणार? आणि जो वेळ पाहतोय तो झोपलेला कसा म्हणायचा? छापणाऱ्याने एवढाही विचार केला नव्हता. पण कागद सरकारी होता, आणि सरकारी कागदातला रकाना कोरा ठेवायचा नसतो. काकांनी उशाशी घड्याळ, विजेरी आणि पेन मांडलं. झोप आली की वेळ टिपायची आणि मग निश्चिंत झोपायचं, असा बेत. सकाळी त्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिलेलं होतं: 'लागली नाही. लक्ष ठेवून होतो.'

"अंदाजे लिहा ना, बाबा," मुलगा चहाचा कप हातात धरून म्हणाला. "सगळे तसंच लिहितात."

"सगळे तसंच तोलत होते, म्हणून तर मला नोकरी होती," काका म्हणाले.

सूनबाई शहाणी. ती वाचनालयात काम करते, त्यामुळे हळू बोलायची आणि कोणाचीही समजूत काढायची तिला सवय. ती म्हणाली, "मी बसते ना खुर्चीवर. तुमचा डोळा लागला की मी वेळ लिहिते. साक्षीदार झाला म्हणजे झालं ना?" काकांना हे पटलं. साक्षीदाराशिवाय तर त्यांनी कधी साधं मापही जप्त केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कागदावर नोंद होती: 'सूनबाई: दहा वाजून चौदा मिनिटे. तोंड किंचित उघडे. झोप उत्तम.' स्वतःच्या नावापुढे काकांनी प्रामाणिकपणे रेघ मारली होती.

एव्हाना ही गोष्ट जिन्यावरून खाली-वर फिरली होती. ज्याला स्वतःला रात्री धड झोप येत नाही, त्याच्याजवळ दुसऱ्याला झोपवायचा उपाय हटकून असतो. समोरच्या दारातले ड्रिल मास्तर म्हणाले, "काका, हजारापासून उलटे आकडे मोजा. तीनशेच्या आत घोरायला लागाल, माझी गॅरंटी." काका शून्यापर्यंत व्यवस्थित पोचले. पण मध्ये सहाशे बारा सुटला की काय, अशी शंका आली, म्हणून पुन्हा हजारापासून सुरुवात केली. तळमजल्यावरच्या शिंप्याने डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी शिवून दिली. ती मऊ होती, बेताची होती, पण तिच्यातून घड्याळ दिसत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गरम दूध सुचवलं. दुधाने काकांना तीनदा उठावं लागलं, आणि जी लागलीच नाही ती झोप मोडली असं म्हणता येईल का, या प्रश्नावर कागदाच्या मागे अर्ध्या पानाची तळटीप झाली.

मुलाने वेगळाच मार्ग धरला. त्याने घरात शांतता लागू केली. आठनंतर टीव्ही बंद. भांडी घासायची नाहीत. दाराच्या घंटीत कापूस. सगळे चवड्यांवर चालायचे आणि एकमेकांशी खुणांनी बोलायचे. काका आपल्या खोलीत पडून ती शांतता ऐकत. इतकी शांतता त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. सकाळी दूधवाला दाराबाहेर घंटी दाबत उभा राहिला आणि शेवटी टोपी सरळ करून तसाच गेला.

पाचव्या दिवशी मुलाने एक नवं घड्याळ आणलं. मनगटावर बांधायचं, की ते आपोआप झोप मोजतं. साक्षीदार नको, रकाना नको. काका त्या रात्री खुर्चीतच बसून होते. पहाटेचा पहिला उजेड भिंतीवर चढताना त्यांनी स्वतः पाहिला. आणि घड्याळ म्हणालं: सात तास चाळीस मिनिटं. शेजारी एक हसरा चेहराही होता.

"बघा!" मुलाला खरंच आनंद झाला. "तुम्ही झोपता, बाबा. तुम्हाला फक्त कळत नाही."

माणसाची किल्ली घ्या, त्याचा जिना घ्या, पण आपली रात्र कशी गेली एवढं तरी त्याचं त्याला ठाऊक असतं की नाही? त्यांना फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते घड्याळ उशीला बांधलं आणि उशी पलंगाच्या मधोमध ठेवली. उशी नऊ तास झोपली. त्यातले तीन तास गाढ.

आता हा प्रश्न एकट्या काकांचा राहिला नव्हता. खोटं मोजणारं साधन उघड्या बाजारात विकलं जात होतं, आणि ते डोळ्यांआड करणं काकांच्या नेमात बसत नव्हतं. "मला ऑफिसात ने," ते सूनबाईला म्हणाले. तिला त्या दिवशी अर्धी सुट्टी होती आणि चष्मा दुरुस्तीला टाकायचा होता. तिने त्यांना बसने नेलं, वजनमापे खात्याच्या दारात सोडलं आणि सांगितलं, "मी तासा-दोन तासात येते. कुठे जाऊ नका हं, बाबा." चौतीस वर्षं ज्या दारातून माणूस साहेब म्हणून आत गेला, त्याच दारात त्याला कुठे जाऊ नका म्हणून सांगितलं गेलं. काकांनी मान डोलावली.

खिडकीत एक तरुण कारकून होता. त्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर आजवरच्या निरीक्षकांच्या नावांची पाटी होती. वरून सहावं नाव काकांचं. कारकुनाची पाठ तिकडे होती.

"काय तपासायचंय, आजोबा?"

"हे घड्याळ. झोप जास्त दाखवतं."

"जास्त दाखवतं तर चांगलंच की."

"काटा जास्त दाखवायला लागला तर गिऱ्हाईक चांगलं म्हणतं का?"

कारकुनाने पेन कानामागे खोचलं. "आमच्याकडे वजन आहे, लांबी आहे, आकारमान आहे. झोप कशात घालू?"

"वेळात घाला."

"वेळ बरोबर दाखवतंय हो ते. चुकतेय ती झोप. झोप आरोग्य खात्यात."

"निदान अर्ज तरी घ्या."

"घेतो की. पण सोबत प्रमाण लागेल. ज्याच्याशी ताडून बघायचं ते. म्हणजे ज्याची झोप बरोबर आहे असा एक माणूस, आणि त्याचा तसा दाखला."

काकांना हे अमान्य करता येईना. नियमच तसा होता. त्यांनीच तो कितीकदा लोकांना ऐकवला होता. "असा माणूस कुठे मिळेल?" त्यांनी विचारलं.

"आहेत एक," कारकून आवाज खाली आणून म्हणाला. "आमचे साहेब, दुपारी दोन ते चार. पण ते दाखला देणार नाहीत." मग तो पुन्हा मोठ्याने म्हणाला, "इथे पूर्वी कधी आला होतात का?"

काका पाटीकडे पाहत होते. "येत होतो," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

तेवढ्यात मागून कोणीतरी "साहेब?" म्हणालं. हातोडी होता तो. तपासून पास झालेल्या वजनांवर खात्याचा ठसा ठोकायचं काम तो तीस वर्षं करत होता, म्हणून सगळं ऑफिस त्याला हातोडी म्हणे. केस पांढरे झाले होते, पण खांदा अजून ठोक्यासाठी किंचित पुढे आलेला. त्याने काकांना हाताला धरून वजनांच्या खोलीत नेलं, बाकावर फडकं मारलं आणि बसवलं.

"काय साहेब, किती वाळलात! काकू गेल्याचं कळलं मला. यायला पाहिजे होतं. आलो नाही. काय बोलायचं ते सुचेना."

"कोणालाच सुचत नाही," काका म्हणाले.

हातोडीने काम पुढे ओढलं. ठोका घालत, फुंकर मारत, वजनं लावून ठेवत तो बोलत राहिला. या महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. बायकोला वाटतं आता घरात मदत होईल. मुलीला वाटतं आता बाबा आराम करतील. त्याला एकट्यालाच रोज पहाटे जाग येते आणि छातीत धडधडतं. "साहेब, शेवटचा दिवस जाईल हो. हार घालतील, भाषण करतील. पण त्यानंतरचा पहिला सोमवार? सकाळी आठ वाजता मी करू काय? तुम्ही कसा काढलात?"

काकांना आठवलं. पहिल्या सोमवारी ते बूट घालून दारात उभे राहिले होते. काकूंनी पाहिलं, काही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, चला, मलाही चालायला जायचंच आहे. आणि पायात चपला घातल्या. हे सांगावं असं काकांना वाटलं, पण हातोडी तोवर पुढे गेला होता. धाकट्या मुलीचं काय चाललंय, शेजाऱ्याने भिंतीला भोक कसं पाडलं, मग त्यावरून बायको काय म्हणाली, मग तो काय म्हणाला... ठक्. फुंकर. आणि मग काय झालं, साहेब... ठक्.

पुढचं काकांना सूनबाईने सांगितलं. ती आली तेव्हा बाहेर लोक काटे घेऊन भांडत होते, आत हातोडा पडत होता, आणि बाबा भिंतीला डोकं टेकून गाढ झोपले होते. हातोडी त्या झोपलेल्या माणसाला एकेक गोष्ट सांगतच होता. मध्ये तो पाणी प्यायला थांबला, तशी बाबांची पापणी हलली. तो बोलायला लागला, ती स्थिर झाली. सूनबाई दारातच उभी राहिली, बराच वेळ.

जाग आली तेव्हा काका खजील झाले. "तुझं बोलणं पुरं ऐकलं नाही मी. भिंतीपर्यंतच ऐकलं. माफ कर."

"माफी कसली?" हातोडीने टेबलावरून एक चिठ्ठी उचलून त्यांच्या हातात ठेवली. तुमच्याच हाताखाली शिकलोय, असं म्हणाला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'डोळा लागला बारा दहा. उघडला एक पन्नास. घोरणे मध्यम.' खाली सही होती, आणि सवयीने मारलेला खात्याचा ठसा.

काकांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाले, "तुझा पहिला सोमवार. सकाळी आठला मी तुझ्या दारात येतो. आपण चालायला जाऊ, आणि भिंतीच्या पुढचं तू सांग."

"येणार नक्की? एकटे?"

सूनबाई खाली बघत होती. काकांचा हात डाव्या खिशाकडे गेला आणि परत आला. "येतो म्हणालो ना," ते म्हणाले.

चौदाव्या दिवशी सगळेच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचले, मागची तळटीप वाचली, उशीचे नऊ तास वाचले. हसू त्यांच्या ओठांपर्यंत आलं, पण ठसा मारलेल्या चिठ्ठीपाशी ते विरलं.

"काका, ऑफिसात झोप लागली. घरी का लागत नाही?"

मुलगा काही बोलायला गेला, तर बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"ही रोज दिवे मालवल्यावर दिवसभराचं सांगायची," काका म्हणाले. "कोण आलं, कोण काय म्हणालं. मी ऐकता ऐकता झोपायचो. शेचाळीस वर्षं. एकही गोष्ट मी शेवटपर्यंत ऐकली नाही. शेवटच्या रात्री वरच्या बाईंचं काहीतरी सांगत होती. 'आणि मग त्या म्हणाल्या,' इथपर्यंत ऐकलं. सकाळी तिला दवाखान्यात नेलं. पुढे काय म्हणाल्या ते राहिलं."

"वरच्या बाईंना विचारलंत?"

"त्या त्यांचं सांगतील. हिचं नाही ना ते."

मुलगा खिडकीकडे बघत होता. आईच्या त्या गप्पा त्याने भिंतीपलीकडून लहानपणापासून ऐकल्या होत्या आणि कटकट वाटून उशी कानावर घेतली होती. आणि आता त्याच घरात त्याने घंटीत कापूस कोंबला होता.

बाईंनी कागद हलकेच बाजूला ठेवले. "नोंद आजपासून बंद. घड्याळ खोलीतून बाहेर. झोप आली तरच आडवं व्हायचं, नाही आली तर उठून बसायचं. उठायची वेळ मात्र रोज एकच. सकाळी उजेडात चालायचं. आणि माणसांत बसायचं, काका. तुम्हाला झोपेचा आजार कमी आहे आणि दुःख जास्त आहे. दुःखाला गोळी नाही, पण ते एकट्याने वाहायचं असतं असंही नाही. दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे येऊन बोलायचं. रक्तदाब ठीक आहे. काठी घ्यायची, कठडा धरायचा."

"पण हा कागद अर्धवट..." काका कासावीस झाले.

बाईंनी कागदावर तिरकी रेघ ओढली, 'नोंद पूर्ण' असं लिहिलं आणि सही केली. काकांनी सही तपासली आणि मगच सुटकेचा श्वास सोडला.

घर त्यानंतर मोठ्याने बोलायला लागलं. सूनबाई रात्री काकांच्या दाराशी बसून कपड्यांच्या घड्या घालते आणि वाचनालयात कोणी कोणतं पुस्तक फाडून आणलं ते सांगते. मुलगाही कधी कधी येऊन बसतो. त्याला सांगता येत नाही धड, मधूनच सुरू करतो आणि भलतीकडेच जातो, पण बसतो. काकांना एखाद्या रात्री चार तास झोप लागते, एखाद्या रात्री सहा. एखाद्या रात्री लागतच नाही. मग ते उठून खिडकीशी बसतात, आणि सकाळी तसं सांगतात. सांगतात, हे नवीन आहे.

किल्लीचं मात्र कोणी बोललं नव्हतं. मुलाला भीती वाटत होती, आणि भीती वाटणाऱ्या माणसाला घाई करू नये, हे काकांना कळत होतं. महिना संपला. सोमवार उजाडला. काका सहालाच तयार झाले, सदऱ्याच्या गुंड्या आरशात पाहून लावल्या, काठी घेतली आणि कोणाला काही न म्हणता टेबलाशी येऊन बसले. मुलगा चहा घेऊन आला. कप ठेवला. कपाशेजारी किल्ली ठेवली. "फोन खिशात आहे ना?" एवढंच विचारलं.

"आहे."

"मी सोडू का खालपर्यंत?"

"नको."

जिन्यात ड्रिल मास्तर भेटले. "काका! श्वास नाकाने घ्या, तोंडाने सोडा, आणि..." काकांनी हात जोडले. "आल्यावर ऐकतो," म्हणाले, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. रस्त्यावर झाडलोट चालली होती, दुकानांची दारं अजून मिटलेली होती. हातोडीचं घर तीन चौक पलीकडे, चालत वीस मिनिटं. आठचं ठरलं होतं. पण काल फोनवर हातोडी म्हणाला होता, साडेसातपासूनच मी पायरीवर बसलेला असेन, साहेब. म्हणून काका सातलाच निघाले होते.